दुरुस्तीनंतर बोटीचा स्टर्नड्राइव्ह परत बसवताना

डाळजच्या काठावरून उजनीच्या पाण्यात फिरणाऱ्या एका जुन्या फायबर बोटीत माझा पैसा आणि माझ्या भाच्याची मेहनत आहे. व्यवहार मुदारबतीचा आहे. भांडवल माझे, काम त्याचे, नफ्याचा वाटा आधी ठरलेला. माझा मूळ धंदा कापडाचा. बोटीच्या यंत्राशी माझा संबंध येण्याचे कारण नव्हते, पण 2025 च्या जानेवारीतील एका दुपारी तो आला.

त्या दिवशी पुण्याहून आलेले चार पाहुणे फ्लेमिंगो पाहण्यासाठी बोटीत होते. मीही हौसेने बसलो होतो. परतीच्या वाटेवर इंजिनाचा आवाज एकाएकी वाढला आणि बोट मात्र जागच्या जागी थांबली. भाच्याने गिअर काढून पुन्हा टाकला. इंजिन जोरात फिरत होते, पंखा फिरत नव्हता. वारा सुटलेला होता, त्यामुळे बोट आडवी झाली आणि लाटा बाजूने आदळू लागल्या. आमच्याजवळ एकच वल्हे होते. अर्ध्या तासाने जाळी काढून परतणाऱ्या दोन मच्छीमार बांधवांनी दोर टाकून आम्हांस काठावर आणले. कोणाला इजा झाली नाही, अलहम्दुलिल्लाह. पण पाहुण्यांपैकी एक बाई काठावर उतरल्यावरही बराच वेळ थरथरत होत्या.

त्यांची भीती उगाच नव्हती. आठच महिन्यांपूर्वी, 21 मे 2024 रोजी, याच धरणाच्या पाण्यात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. एक पोलीस अधिकारी पोहून बाहेर आले. तो अपघात वाऱ्याने झाला, यंत्राच्या बिघाडाने नाही. तरी वारा सुटलेला असताना बंद पडलेल्या यंत्राची बोट काय अवस्थेत असते, हे त्या दिवसापासून या काठावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आमचे यंत्र ज्या कारणाने निकामी झाले ते कारण चार दिवस आधी आम्हीच आमच्या हातांनी बोटीत बसवले होते. दुरुस्ती घरी केली होती आणि ती चांगली झाली होती. चूक झाली ती परत बसवताना. आमच्या समाजातील अनेक मुले मोटार गॅरेजमध्ये तयार झालेली आहेत. पाण्याच्या काठी राहणारी अशी मुले आता बोटींच्या इंजिनालाही हात घालू लागली आहेत. त्यांच्या आणि अशा धंद्यात पैसा घालणाऱ्या व्यापारी बांधवांच्या उपयोगासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय ते पाहू. उजनीवर बहुतेक होड्या वल्ह्याच्या किंवा मागे अडकवलेल्या आउटबोर्ड इंजिनाच्या असतात. आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर आणि पंखा हे सर्व एकाच दांड्यावर बोटीच्या बाहेर लटकलेले असते. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या फळीला लागून बसते. ते मोटारगाडीच्या इंजिनासारखेच असते. फळीच्या बाहेर एक पाय लावलेला असतो. इंजिनाची फिरकी फळीतील छिद्रातून आडवी बाहेर येते, पायाच्या डोक्यात काटकोनात वळून खाली उतरते आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. हा पाय डावीकडे-उजवीकडे वळतो, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. उथळ पाण्यात तो वर उचलताही येतो. व्होल्वो पेंटा कंपनीने 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात असे यंत्र प्रथम बाजारात आणले. 1961 मध्ये अमेरिकेच्या मर्क्युरी कंपनीचे मर्क्रुझर आले. जुन्या बाजारात हिंडणाऱ्या फायबर स्पीडबोटींत बहुधा या दोघांपैकी एकाचे यंत्र असते. आमची बोट मुंबईहून घेतलेली, तिला मर्क्रुझर अल्फा आहे.

या सोयीची किंमतही आहे. मागच्या फळीला पाण्याच्या पातळीजवळ मोठे भोक पाडलेले असते आणि त्यातून फिरणारा, वळणारा दांडा बाहेर जातो. पाणी आत येऊ नये म्हणून त्या दांड्याभोवती लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची रबरी नळी असते. तिला बेलो म्हणतात. बोटीचे सर्व ओझे तरंगते ते या रबराच्या भरवशावर. ते फाटले तर काठाला बांधलेली बोटही एका रात्रीत बसू शकते.

आमच्या भागात पाय उतरवण्याची वेळ बहुतेक दोन कारणांनी येते. पहिले कारण तंगूस. मच्छीमारांच्या तुटलेल्या जाळ्यांचा तो नायलॉनचा एकेरी धागा पाण्यात कुजत नाही. कापडाच्या धंद्यात मी नायलॉनचे गुण ऐकत आलो आहे, त्याचा चिवटपणा येथे शत्रू होतो. धागा पंख्याच्या मागे दांड्यावर गुंडाळला जातो, फिरताना तापतो आणि तेलाच्या सीलमध्ये घुसून रबर कापतो. मग आतले गिअर तेल बाहेर जाते व पाणी आत शिरते. दुरुस्तीचे दुसरे कारण उन्हाळ्यात येते. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा आहे. पाणी त्या मृत साठ्यात उतरू लागले की बुडालेल्या गावांचे चौथरे, विहिरींचे कठडे, झाडांची खोडे वर येतात. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर अशा वेळी उघडे पडते, तेव्हा पाहायला गर्दी होते. पण जे चौथरे हातभर पाण्याखाली असतात ते दिसत नाहीत, ते पंख्याला सापडतात.

आमचे कारण तंगूसचे होते. तेल काढले तर ते दुधी चहासारखे निघाले. तेलाचा असा रंग दिसला की आत पाणी गेले असे समजावे. भाचा आणि त्याचा गॅरेजमधील मित्र यांनी पाय उतरवून पंख्याच्या दांड्याचे दोन्ही सील बदलले. या दोन सीलची तोंडे विरुद्ध दिशेला असतात. आतले तेल आत राखते, बाहेरचे पाणी बाहेर राखते. दोन्ही एकाच दिशेने बसवणारे कारागीर मी नंतर पाहिले. आमच्या मुलांनी ते बरोबर बसवले होते.

इथपर्यंत ठीक होते. पाय उतरलेलाच आहे तर इंजिनाच्या मागच्या बाजूची तेलगळतीही पाहून घ्यावी, असे त्यांनी ठरवले आणि इंजिन चेनपुलीने थोडे उचलले. परत बसवताना मागच्या एका माउंटखालचा वॉशर राहून गेला. तो नंतर नट-बोल्टच्या डब्यात सापडला. एवढ्याशा वॉशरने इंजिनाची शेपटी एका बाजूने खाली बसली. पाय लावताना दांडा पूर्ण आत जाईना, बोटभर अंतर राहिले. शनिवारचे पाहुणे ठरलेले होते, मी दुकानातून दोनदा निरोप पाठवला होता. भाचा म्हणाला, "मामू, नट आवळले की बसेल." मी म्हणालो, "मग आवळ की." त्याने नट आवळले आणि पाय बसला. चार दिवसांनी इंजिनाच्या मागचा कपलर, म्हणजे ज्या दातेरी भोकात पायाचा दांडा बसतो तो भाग, पूर्ण घासून गुळगुळीत झाला होता. दांड्याचे दातेही गेले. सील दीडशे-दोनशे रुपयांचे. कपलर बदलण्यासाठी मात्र संपूर्ण इंजिन बाहेर काढावे लागले. भाग मुंबईहून मागवला आणि फ्लेमिंगोचा हंगाम हातचा गेला.

आता काम कसे करावे ते क्रमाने सांगतो. कंपनीचे पुस्तक जवळ ठेवावे. ते इंग्रजीत असते. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, भाचा दहावीपर्यंत शिकलेला. आम्ही त्याच्या बहिणीला बोटीजवळ बसवून वाचून घेतले आणि तिने आमच्या दोन चुका तिथेच पकडल्या. न वाचता अंदाजाने काम करण्यापेक्षा घरातील शिकलेल्या मुलीची मदत घेण्यात कमीपणा नाही.

खोलताना प्रत्येक बोल्ट, वॉशर, क्लिप जशी निघेल तशी ओळखून ठेवावी. आता मुले मोबाईलवर फोटो काढतात, ते चांगलेच. पण फोटोत वॉशर मोजता येत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या वेळी दुकानातील रंगीत कापडाच्या चिंध्या वापरल्या. मागच्या डाव्या माउंटचे सामान लाल चिंधीत, उजव्याचे हिरव्या, पायाच्या नटांचे पांढऱ्या. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून चिंधीत बांधले. मर्क्रुझरच्या मागच्या माउंटला स्प्रिंगसारखा आणि फायबरचा असे वेगवेगळे वॉशर असतात आणि त्यांची जागा ठरलेली असते. शेवटी एकही चिंधी उरता कामा नये.

पाय बोटीला लावण्यापूर्वी जमिनीवर हवेने तपासावा. तेल काढलेल्या पायाचे खालचे भोक बंद करून वरच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा भरावी, सोबत दाबाचा काटा असावा. दहा पौंडाच्या आसपास दाब पुरे, जास्त भरल्यास चांगले सीलही सरकते. पाच-दहा मिनिटे काटा हलता कामा नये. त्या वेळी पंख्याचा दांडा आणि वरचा दांडा हाताने फिरवून पाहावा, कारण काही सील थांबलेले असताना धरतात व फिरताना सोडतात. काटा उतरला तर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडा जागा दाखवतो. पंक्चरवाल्याला हे शिकवावे लागत नाही. पण उशीर होतो म्हणून हीच पायरी वगळली जाते.

वरच्या दांड्यावर दोन क्रॉस जॉइंट असतात, ट्रकच्या जॉइंटसारखेच. ते प्रत्येक दिशेला हलवून पाहावेत. अडकत असेल किंवा खडखडत असेल तर आताच बदलावेत. पाण्याचा पंपही पाहावा. अल्फामध्ये त्याचा रबरी पंखा, इंपेलर, पायातच असतो. उजनीत जलपर्णी आणि शेवाळ यांचा त्रास आहे. पाणी ओढणारी जाळी तुंबली की इंपेलर कोरडा फिरतो आणि त्याची पाती थोड्या वेळात जळतात. पाय हातात असताना नवा इंपेलर घालणे स्वस्त पडते.

मग बोटीकडे यावे. बेलोच्या प्रत्येक घडीत बोट फिरवून चीर आहे का पाहावे. वर्षे झाली असतील तर चीर नसली तरी बदलावा. नवा बसवताना धातूची कड तारेच्या ब्रशने साफ करून कोरडी करावी, कंपनीने सांगितलेला गोंद लावावा, क्लॅम्प आवळावा आणि गोंद वाळू द्यावा. ओल्या गोंदावर घाईने पाय चढवला तर बेलो सरकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. बेलोच्या आतल्या बाजूला, फळीच्या जाड बिडात एक मोठे बेअरिंग असते, त्याला गिंबल बेअरिंग म्हणतात. ते बोटाने फिरवावे. खरखर लागली किंवा गंज दिसला तर बेलोतून पूर्वी पाणी आलेले आहे. हे बेअरिंग खराब असले की बोट वळवताना मागून घरघर ऐकू येते. जुनी बोट विकत घेताना ही घरघर कानाने ओळखता आली तर सौद्यात फायदा होतो.

यानंतरची पायरी आम्ही गाळली होती, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

पायाचा दांडा आधी गिंबल बेअरिंगमधून आणि मग इंजिनाच्या कपलरमध्ये जातो. बेअरिंग बोटीच्या फळीत आहे, कपलर इंजिनावर आहे. ही दोन भोके एका सरळ रेषेत असली पाहिजेत. पॉवरलूमवाल्यांना हे लगेच समजेल. मोटार आणि लूमच्या चाकाची रेषा चुकली तर पट्टा रोज उतरतो, आणि पट्टा निदान डोळ्यांसमोर उतरतो. येथे रेषा चुकली तर दाते एकमेकांना आतून खातात आणि बाहेर कोणाला कळत नाही.

रेषा तपासण्यासाठी एक लोखंडी दांडा मिळतो, त्याला अलाइनमेंट बार म्हणतात. त्याच्या टोकाला दाते नसतात. कपलरच्या भोकात बेताचा बसेल एवढा तो गोल असतो. मुंबईत तो विकत मिळतो. आम्ही तो बारामतीच्या एका लेथवाल्या उस्तादांकडून बनवून घेतला. जुन्या दांड्याची मापे व्हर्नियरने घेऊन सरळ शाफ्टमधून त्यांनी तो काढला. "शेठ, माप केसभर मोठे झाले तर दांडा जाणार नाही, लहान झाले तर खोटे सांगेल," असे म्हणून त्यांनी तो दोनदा तपासला. वाकलेल्या गजाचा असा बार करू नये.

प्रथम बार बेअरिंगमध्ये घालून लाकडी हातोडीने त्याच्या चारही बाजूंना हलके ठोके द्यावेत. गिंबल बेअरिंग आपल्या घरात थोडे हलू शकते, ते तिरके असेल तर या ठोक्यांनी सरळ होते. मग बार आत सरकवावा. दोन बोटांनी ढकलून तो कपलरमध्ये शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि तसाच बाहेर आला पाहिजे. जोर लावावा लागला तर रेषा चुकलेली आहे. आता बारच्या टोकाला ग्रीसचा पातळ थर सारखा फासून पुन्हा घालावा, न फिरवता सरळ बाहेर काढावा आणि ग्रीस पाहावे. कपलरच्या दात्यांचे ठसे सर्व बाजूंनी सारखे उमटले असतील तर रेषा बरोबर. एकाच बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला काहीच नाही, असे असेल तर इंजिन हलवावे लागेल. आमच्या बारवर नंतर पाहिले तर ठसे एका अंगालाच होते. कोणी शाळकरी मुलानेही ते ओळखले असते.

इंजिन मागे पक्क्या माउंटवर बसलेले असते, तेथे उंची बदलत नाही. म्हणूनच तेथील वॉशर मोजून लावायचे. उंची पुढच्या माउंटवर बदलते. दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवावेत, एका वेळी पाव-अर्धी फेरी, आणि प्रत्येक वेळी बार घालून ठसा पाहावा. आम्हांला दुसऱ्या वेळी अकरा वेळा बार घालावा लागला. नंतर माउंटचे लॉकनट आवळावेत आणि आवळल्यावर बार पुन्हा एकदा घालावा, कारण आवळताना इंजिन हलते. बोट ट्रॉलीवर असेल तर तिचा तळ सर्व बाजूंनी नीट टेकलेला असावा. फायबरचा तळ अधांतरी वाकला तर मापही वाकडे येते.

रेषा जमली की पाय चढवण्याची तयारी करावी. सर्व ओ-रिंग आणि पायाच्या तोंडावरील गास्केट नवे घालावे. जुने चांगले दिसते म्हणून परत वापरू नये, इथे पाच-पन्नास रुपयांची काटकसर परवडत नाही. दांड्याच्या दात्यांना कंपनीने सांगितलेले कपलरचे ग्रीस लावावे. ट्रकच्या चेसिसचे ग्रीस येथे टिकत नाही.

गिअरची स्थिती पुस्तकात पाहावी, प्रत्येक मॉडेलची सारखी नसते. अल्फामध्ये पाय पुढच्या गिअरमध्ये ठेवून चढवतात आणि बोटीतील हँडलही पुढच्या गिअरला ठेवतात, तरच गिअरचे दोन्ही तुकडे एकमेकांत जुळतात. ते जुळले नाहीत तरी पाय कधीकधी बसतो. मग हँडल न्यूट्रलला असते आणि पंखा फिरत असतो. काठावर आंघोळ करणारी मुले असतात, हे लक्षात घ्यावे.

पाय जड असतो, दोन-तीन माणसे आणि खाली आधार हवा. तो सरळ धरून हळूहळू आत ढकलावा. शेवटच्या काही इंचांवर दाते समोरासमोर येऊन अडते. तेव्हा एकाने ढकलत राहावे आणि दुसऱ्याने मागून पंखा हाताने हळू फिरवावा. दाते जुळले की पाय आपणहून पुढे सरकतो. दोन्ही तोंडे एकमेकांना हाताच्या जोराने टेकली पाहिजेत. बोटभर अंतर उरले तर तिथेच थांबावे, पाय परत काढावा आणि कारण शोधावे. कारणे ठरलेली असतात. रेषा चुकलेली, ओ-रिंग मुरगळलेली, गिअरचा तुकडा अडलेला किंवा बेलो आत दुमडलेला. नट हे बसलेला पाय धरून ठेवण्यासाठी आहेत. त्यांनी ओढून घेतले तर वरील चारपैकी एक भाग नक्की तुटतो, आणि तो तुटलेला दिसत नाही.

अल्फाला सहा नट असतात. समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. शेवटचा जोर 50 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 7 किलोग्रॅम-मीटर. टॉर्क पाना कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये मागितला तर मिळतो. हाताच्या अंदाजावर ज्याला फार विश्वास आहे त्याने एकदा टॉर्क पान्याने आपला अंदाज तपासून पाहावा.

तेल नेहमी खालच्या भोकातून पंपाने भरावे. वरून ओतले तर आत हवा अडकते आणि वरचे गिअर कोरडे राहतात. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे.

मुंबईहून आणलेल्या बोटींसाठी एक खास गोष्ट. पायावर धातूचा एक तुकडा लावलेला असतो, त्याला अॅनोड म्हणतात. पाण्यात धातूची झीज होते ती पायाऐवजी या तुकड्याची व्हावी म्हणून तो असतो. समुद्राच्या बोटींना बहुधा जस्ताचा अॅनोड असतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करीत नाही. उजनीवर मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा हवा. आमच्या बोटीला दोन वर्षे जस्ताचाच होता. तो जसाच्या तसा चकचकीत राहिला म्हणून आम्ही खूश होतो, आणि पायाचा रंग मात्र फोड येऊन उडत होता. अॅनोडला रंग लावू नये. पाय काढताना सुटलेल्या बारीक अर्थच्या तारा परत जोडाव्यात, त्याही याच कामाच्या आहेत.

पेट्रोल इंजिन असेल तर आणखी एक सावधानता. मोटारगाडीत पेट्रोलची वाफ खाली निघून जाते, बोटीच्या पेटीत ती तळाशी साचते. म्हणून चालू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवावा आणि वास घ्यावा. स्टार्टर किंवा अल्टरनेटर बदलायचा असल्यास मोटारीचा स्वस्त भाग लावू नये. तो दिसायला तसाच असतो, पण बोटीचा भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असा बंद बनवलेला असतो.

पाण्यात उतरवल्यावर इंजिन लगेच चालू करू नये. बोट काठाला बांधून अर्धा तास नुसती ठेवावी आणि इंजिनाच्या मागे, फळीच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून पाहावे. तेथे ओल दिसली तर बोट परत वर घ्यावी. कोरडे असेल तर बांधलेल्या अवस्थेतच इंजिन मंद चालवून पुढचा गिअर, न्यूट्रल, मागचा गिअर पाहावा. पाणी थंड करण्याच्या वाटेने बाहेर येते का, तापमानाचा काटा कोठे थांबतो ते पाहावे. मग काठाजवळ फेरी मारावी, डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून आवाज ऐकावा. ही फेरी पाहुण्यांशिवाय. लाइफ जॅकेट अंगात, दोन वल्ही, नांगर आणि दोर बोटीत. दुसऱ्या दिवशी तेलाची पातळी आणि रंग पाहावा, आणि थोडे तास चालल्यावर सहा नट पुन्हा तपासावेत. उभी करताना पाय खाली सोडून ठेवावा. वर उचलून ठेवला तर बेलो ताणलेला राहतो आणि लवकर फाटतो.

प्रवासी नेणाऱ्या यांत्रिक बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. दुरुस्ती घरी केली तरी भागांच्या पावत्या आणि तारखा वहीत ठेवाव्यात. विमावाला विचारतो तेव्हा तोंडी सांगून भागत नाही.

राहिला हिशेब. मुदारबतीत तोटा भांडवलवाल्याचा असतो. काम करणाऱ्याची हयगय सिद्ध झाली तरच तो त्याच्यावर जातो. भाच्याने वॉशर विसरला, नट ओढले, म्हणून नुकसान त्याने भरावे असे घरातील काहींचे मत पडले. मी वही उघडून पाहिली. त्या आठवड्यात मीच शनिवारचा आगाऊ पैसा घेतला होता, दोनदा निरोप पाठवून घाई केली होती, आणि "आवळ की" हे शब्दही माझेच होते. कपलरचा, दांड्याचा आणि इंजिन काढण्याचा खर्च मी भांडवलात मांडला. त्याने हंगामाच्या मजुरीवर पाणी सोडले होते, तेवढा तोटा त्याचा पुरे झाला.

लेथवाल्या उस्तादांनी केलेला बार आमच्या दुकानात मीटरपट्टीच्या शेजारी उभा असतो. काठावरच्या दोघांनी तो आतापर्यंत नेला आहे. एकाने तेल लावून परत आणला, दुसऱ्याने गंजलेला आणला. म्हणून आता तो नेताना नाव वहीत लिहून घेतो आणि सोबत तेलाच्या चिंधीचा तुकडा देतो.